इमारत सुस्थितीत आहे

शाळेचा शिपाई म्हणजे घंटा वाजवणारा, पाणी भरणारा आणि साहेब आले की पळत जाऊन खुर्ची पुसणारा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी लुकणमामांना पाहिलेलंच नाही. घंटा ते वाजवत आणि खुर्चीही पुसत. पण त्यांची खरी नोकरी वेगळी होती, आणि ती कुठल्याही नेमणूकपत्रात लिहिलेली नव्हती. शाळा पडायला आली होती आणि ती तशी दिसू द्यायची नाही, ही ती नोकरी. बावीस वर्षं त्यांनी ती चोख बजावली.

मामांचे वडील गवंडी. परांचीवरून पडून गेले, तेव्हा आईनं मामांना शपथ घातली, की काहीही कर पण भिंतीवर चढू नकोस. मग हे शाळेत शिपाई झाले. पण हाताला लागलेलं वळण कुठं जातंय? खिडकीच्या काचा बसवायचं ते मऊ लुकण मामांच्या खिशात कायम असायचं. बोलता बोलता ते तळहातावर मळत राहायचे. नव्या मास्तरांना वाटायचं, मामा तंबाखू खातात. जुने हसायचे. लुकणमामा हे नाव पोरांनी ठेवलं की मास्तरांनी, यावर अजून एकमत नाही.

वर्षातून एकदा तपासणी. साहेब यायच्या तीन दिवस आधी मामा कामाला लागत. भेगेत विटेचा चुरा ठासायचा, त्यावर गिलावा, त्यावर लुकण. नवा रंग दिला तर तो ओरडून सांगतो की इथं काहीतरी झाकलंय; म्हणून मामा रंगात पिवळी माती आणि चुलीची काजळी कालवत, भिंतीच्या मळकट रंगाशी अगदी बेमालूम जुळेपर्यंत. लंगडं बाक भिंतीला टेकवायचं. छत गळतं त्याच्या खाली कपाट सरकवायचं. साहेब आत यायचे, मान वर करायचे, मान खाली करायचे आणि तपासणीच्या कागदावर दरवर्षीचा शेरा लिहायचे: इमारत सुस्थितीत आहे. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की सगळे मास्तर मामांच्या पाठीवर थाप मारत, आणि मामा लाजून दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. मामा नोकरीला लागले त्याच वर्षी तेव्हाच्या हेडमास्तरांनी खरं काय ते लिहून पाठवलं होतं, की भिंतीला तडा आहे, दुरुस्तीला निधी द्यावा. निधी आला नाही. देखभालीत हलगर्जीपणा केला म्हणून हेडमास्तरांवर ठपका आला आणि त्यांची बदली अशा ठिकाणी झाली की तिथून ते पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत. तेव्हापासून शाळा शहाणी झाली. चांगला शेरा म्हणजे शाळेची अब्रू, आणि अब्रू मामांच्या थापीवर.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पाठीमागून खाणीचा रस्ता झाला. दगड भरलेले ट्रक सकाळपासून धडधडत जायचे. ट्रक गेला की तिसरीच्या वर्गातल्या काचा थरथरायच्या आणि फळ्याच्या कडेवरचा खडू घरंगळत खाली पडायचा. पोरांना मजा वाटायची. ती खडू हवेत झेलायच्या पैजा लावत.

मामांना मजा वाटत नव्हती. तिसरीच्या मागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत एक भेग होती, मामांच्या चांगल्या ओळखीची. पूर्वी ती एकदा भरली की वर्षभर निमूट राहायची. आता तीन आठवड्यांत तोंड उघडायची. मामांनी गवंड्यांची जुनी युक्ती केली. भेगेवर आडवी कागदाची पट्टी खळीनं चिकटवली. भिंत जागेवर असेल तर कागद शाबूत राहतो. सोमवारी चिकटवलेली पट्टी गुरुवारी मधोमध फाटलेली होती. दुसरी लावली, ती दोन दिवसांत फाटली. मामांनी दोन्ही पट्ट्या काढून खिशात घातल्या आणि त्या दिवशी घंटा दहा मिनिटं उशिरा वाजवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसरीत त्यांची नात होती. ठमी. आईबाप कामासाठी दूर, त्यामुळे ती आजी-आजोबांकडेच वाढलेली. ती त्याच भिंतीला पाठ लावून बसायची, कारण तिथं गार लागतं.

मामांनी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बाई घाबरट नव्हत्या. पण इथं आल्यापासूनची बारा वर्षं त्यांनी त्या शेऱ्यांखाली सही केलेली होती. त्या बराच वेळ टेबलावरची शाईची डबी इकडून तिकडं सरकवत राहिल्या.

"मामा, आता मागायलाच हवं," त्या म्हणाल्या. "वरच्या वस्तीतल्या शाळेला तीन मजले मिळाले. आपल्याला बावीस वर्षांत एक वीट नाही. पण एकट्या शाळेनं मागून कुणी देत नाही. लोक उभे राहिले पाहिजेत."

लोक उभे राहिले. पुढं झाला शिंपी. कोपऱ्यावर त्याचं दुकान. धाकटी मुलगी ठमीच्याच बाकावर, मोठी याच शाळेतून शिकून बाहेर पडलेली. बोलायला लागला की मशीनसारखा, मध्ये धागा तुटायचं नाव नाही. "सरकार एक, पोरं एकसारखी, मग एका शाळेला मांडीवर आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर का?" असं तो म्हणाला की बायका पदर खोचून उभ्या राहायच्या. मागणी सोपी होती. प्रत्येक शाळेला तिच्या पोरांच्या आणि पडझडीच्या मानानं पैसा मिळावा, साहेबांच्या मर्जीनं नको.

आणि सह्या गोळा केल्या त्या मामांनी. त्यांना दार कोण बंद करणार? अर्ध्या वस्तीची शेंबडी नाकं त्यांनीच पुसलेली. "काय रे, अजून उलटीच सही करतोस का?" असं म्हणत ते मिशीवाल्या बापांच्या हातात पेन द्यायचे. दोन महिन्यांत हजारावर सह्या झाल्या. मामा रात्री घरी यायचे ते पाय सुजवून, पण खुशीत. मामी पाय चेपता चेपता म्हणायची, "या वयात पुढारी झालात!" मामा हसायचे. मग ठमीकडे बघायचे आणि हसू मावळायचं.

कचेरीचं उत्तर आलं ते जाडजूड लिफाफ्यातून. शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले आणि शिंप्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं. सुरुवातीला चार ओळी होत्या, की सदर शाळेच्या इमारतीबाबत आजवर कोणताही प्रतिकूल शेरा नाही, सबब दुरुस्ती निधीची मागणी मान्य करता येत नाही. आणि त्याखाली पुरावा म्हणून जोडलेल्या, बावीस तपासण्यांच्या बावीस नकला.

"इमारत सुस्थितीत आहे," शिंप्यानं वाचलं. पान उलटलं. "इमारत सुस्थितीत आहे." पुन्हा उलटलं. पाचव्या पानाला त्याचा आवाज चढला, दहाव्याला त्यानं कागद खाली आपटले. "खोटारडे! गाडीतून न उतरता लिहून टाकलंय! मी चौकशी लावतो. भर सभेत यांना विचारतो, डोळे फुटले होते का तुमचे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा खांबाला टेकून उभे होते. साहेब खोटं लिहीत नव्हते. जे दिसलं ते लिहीत होते. मामांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी मामांकडे पाहिलं आणि दोघांनीही एकाच वेळी नजर वळवली.

शिंप्याचा आरडाओरडा मात्र कामी आला. आठवड्याभरात निरोप आला, की गुरुवारी समिती येऊन इमारत समक्ष पाहील आणि काय तो निर्णय तिथल्या तिथं देईल.

बाईंनी मामांना ऑफिसात बोलावून दार लोटलं. "या वेळी कशालाही हात लावायचा नाही. आहे तसं दिसू दे."

"बाई," मामा म्हणाले, "आहे तसं म्हणजे चांगलंच दिसतंय. तपासणी होऊन तीन महिने झालेत. मधे दोनदा मी ती भेग पुन्हा भरली. सवयीनं."

"मग खरवडून काढा."

"आणि त्यांनी विचारलं, हे ताजं कसं दिसतंय? निधीसाठी मुद्दाम फोडलं म्हणतील. जुनी भेग कुठली आणि फोडलेली कुठली, ते साहेबाला कळतंच."

बाई खुर्चीत बसल्या. एकच वाट उरली होती आणि ती दोघांनाही दिसत होती: समितीसमोर भिंत फोडायची आणि सांगायचं, हे झाकणारा मी. मामांच्या निवृत्तीला आठ महिने होते. बाईंच्या सह्या बारा वर्षांच्या होत्या.

"निदान तिसरीला व्हरांड्यात बसवा," मामा म्हणाले.

"वर्ग हलवला तर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की ते विचारणार, कधीपासून माहीत होतं?" बाईंचा आवाज इतका बारीक झाला होता की मामांना त्यांची कीव आली, आणि रागही आला. त्या दुपारी त्यांनी कुणाला न विचारता तिसरीची सगळी बाकं खेचून वर्गाच्या पुढच्या निम्म्या भागात दाटीवाटीनं कोंबली. ठमी कुरकुरली, की आजोबा, इथं उकडतं. मामा तिच्यावर खेकसले. पोर रडत घरी गेली.

घरी मामीनं सगळं ऐकून घेतलं. मग ताट पुढं सरकवत म्हणाली, "गप्प बसा. आठ महिने. बावीस वर्षं उभी राहिलेली भिंत आठ महिन्यांत कशाला पडतेय? पेन्शन गेली तर या पोरीला काय घालणार आहात?"

मामांनी ताट परत सरकवलं. ते जेवले नाहीत. बुधवारी दिवसभर त्यांनी त्या भिंतीजवळ काही ना काही काम काढलं. ट्रक गेला की ते कान भिंतीला लावायचे. पूर्वी नुसती थरथर ऐकू यायची. आता आतून बारीक सरसर येत होती, कुणीतरी मूठमूठ वाळू सोडावी तशी. ट्रक निघून जायचा आणि सरसर चालूच राहायची. भिंत आतून रिकामी होत होती, आणि बाहेरून ती इतकी छान दिसत होती की त्यांना स्वतःच्याच हातांची किळस वाटली.

गुरुवारी अकराला समिती आली. तिघेजण, मोठे साहेब पुढं. मागे शिंपी आणि तीस-चाळीस पालक. साहेबांनी वर्ग पाहिले, तिसरीत आले, आणि मागच्या भिंतीवरून प्रेमानं हात फिरवला.

"याच्यासाठी एवढा गोंधळ?" ते म्हणाले. "अहो, माझ्या घराच्या भिंती एवढ्या गुळगुळीत नाहीत. काढलं कुणी हे खूळ?"

सोबतचे दोघं हसले. शिंपी तावातावानं पुढं झाला. "वर्षानुवर्षं खोटे शेरे मारलेत तुम्ही! एक तरी माणूस कधी नीट बघून..."

"त्यांनी बघितलंय," मागून आवाज आला.

मामा दारात उभे होते. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडा. ठमीच्या बाकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, आधी पोरांना मैदानात जाऊ द्या. मग बोलतो."

त्यांचा चेहराच असा होता की कुणी का म्हणून विचारलं नाही. पोरं बाहेर गेली. मामा भिंतीपाशी गेले.

"साहेबांनी जे दिसलं ते लिहिलं. दिसत काय होतं, ते मी ठरवत होतो. बावीस वर्षं. मोठ्या बाईंचा यात काही संबंध नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि बाईंनी ते खोडून काढलं नाही. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

मामांनी छिन्नी लावली आणि हातोड्याचा एक ठोका दिला. मोठा नव्हता. लुकणाचा आणि गिलाव्याचा हातभर लांब पोपडा सुटून खाली आला. दुसऱ्या ठोक्याला विटांचा चुरा भसाभस बाहेर आला. मामांनी बाही वर केली आणि भेगेत हात घातला. मनगट गेलं. कोपर गेला. दगडी भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटल्या होत्या. मधला भराव खाली बसला होता आणि पोकळीच्या तळाशी, जिथं अंधार असायला हवा, तिथं बाहेरचा उजेड दिसत होता. इतकं होईल असं मामांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी भेग कायम वरूनच भरली होती. आत बघायची हिंमत कधी केलीच नव्हती.

मागच्या रस्त्यानं एक ट्रक गेला. भेगेतून माती वाहू लागली. सगळ्यात आधी दाराबाहेर पडले ते मोठे साहेब.

मैदानात उभ्याउभ्याच त्यांनी आदेश लिहिला: इमारत धोकादायक, वापर ताबडतोब बंद. शिंप्यानं विचारलं, आता तरी बांधायला निधी मिळेल ना? साहेब कागदावरून मान न उचलता म्हणाले, "दुरुस्तीचा निधी चालू शाळांना असतो. ही बंद झाली. मुलं वरच्या वस्तीत जातील. नव्या इमारतीसाठी तुम्ही वेगळा अर्ज करा." मग मामांकडून त्यांनी लेखी जबाब घेतला आणि मामांना तिथंच निलंबित केलं.

गाडी गेल्यावर लोक पांगले नाहीत. ते मामांकडे बघत होते. ही तीच माणसं, मामा दारात आले की आधी पाणी पुढं करणारी. शिंपी जवळ आला. त्याचं ते धडाधड बोलणं कुठं गेलं होतं कोण जाणे.

"माझी मोठी याच वर्गात होती," तो म्हणाला. "तेव्हाही असंच होतं?"

"तेव्हा कमी होतं. पण होतं."

"आणि तुम्ही माझ्या दारात सही मागायला आलात, तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

शिंप्यानं पिशवीतून अर्जाचा पहिला कागद काढला. त्यावर पहिली सही मामांचीच होती. "आता नवा अर्ज करायचाय. तुमचं नाव वर राहिलं तर ते आमचं काही ऐकून घेणार नाहीत. तुमच्या हातानं खोडा, मामा. माझ्यानं होत नाही." त्याचे डोळे भरून आले होते. मामांनी पेन घेतलं आणि सही खोडली. मग ठमीचं दप्तर उचलून तिला घेऊन घरी गेले. वाटेत तिनं विचारलं, आजोबा, तुम्ही भिंत का फोडलीत? त्यांनी दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

शुक्रवारी सकाळी पोरं रांगेनं वरच्या वस्तीतल्या शाळेत गेली. मामीनं ठमीची वेणी घातली, डबा दिला. मामा अंगणात बसून होते. बावीस वर्षांत सुट्टी नसताना इतक्या उशिरापर्यंत ते घरी कधी नव्हते. हातांना काय करावं ते कळत नव्हतं. त्यांनी अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. कामावर गेलेल्या माणसांच्या बंद दारांकडे पाहिलं. एकही दार आज त्यांच्यासाठी उघडलं नसतं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचं वाईट वाटत होतं, लपवण्यात काही अर्थ नाही.

सव्वाअकराला आवाज झाला. आधी एक जड धप्प, मग दगड दगडावर ओतल्यासारखा लांबलेला खडखडाट. सव्वाअकरा म्हणजे तिसरीचा गणिताचा तास.

मामा अनवाणी पळाले. मामी मागून हाका मारत होती, त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. फाटकातून आत शिरले तेव्हा धूळ अजून खाली बसलेली नव्हती. तिसरीच्या वर्गाची मागची भिंत संपूर्ण आत कोसळली होती आणि छप्पर तिच्यावर. पुढची बाकंसुद्धा दिसत नव्हती. मामा ढिगाऱ्यावर गुडघ्यांवर पडले आणि दोन्ही हातांनी दगड उपसायला लागले. "ठमे! ए ठमे! बोल गं! आवाज दे!"

ऑफिसात कागदपत्रं बांधून ठेवायला आलेल्या मोठ्या बाई धावत आल्या. त्यांनी मामांचे दंड धरले. "मामा! मामा, आत कुणी नाही! पोरं वरच्या शाळेत आहेत. ठमी तिकडंच आहे, मी स्वतः सोडून आलेय. आत कुणीसुद्धा नाही!"

मामा थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, सगळं आठवल्यासारखी मान हलवली. हात रक्तानं आणि मातीनं माखले होते. मग त्यांनी पुढचा दगड उचलला, बाजूला ठेवला आणि त्याखालचा धरला.

"आत कुणी नाही मामा," बाई रडत म्हणाल्या.

"बावीस वर्षं पोरं होती ना," मामा म्हणाले, आणि दगड काढत राहिले.